मुलांचा विश्वास घरी कसा रुजवावा : इंदूरमधील नव्या ख्रिस्ती पालकांसाठी

इंदूरमधील मराठी ख्रिस्ती घरातले मूल एका आठवड्यात तीन भाषांतून देवाचे नाव ऐकते. शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेत इंग्रजीतून, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बहुधा हिंदीतून, आणि घरी आजी असेल तर मराठीतून. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम या शहरात १८७७ मध्ये सुरू झाले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. तेव्हापासून येथील मंडळ्यांचा बराचसा व्यवहार हिंदीतच होत आला आहे. आमच्या सासरची माणसे नगरकडून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडून, नोकरीनिमित्त इकडे आली आणि येताना मराठी शास्त्र (बायबल) व गीतांचे पुस्तक ट्रंकेत घालून घेऊन आली. ते पुस्तक अजून घरात आहे. ते उघडून मुलांना जवळ बसवायचे कसे, हे मात्र मला लग्नानंतर चुकतमाकतच शिकावे लागले.

मी काही वर्षे रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग घेते. वर्ग सुटल्यावर मुलाला न्यायला आलेले तरुण आईवडील विचारतात, ‘बाई, याला घरी काय शिकवू?’ त्यांना मी सांगते की काय शिकवायचे ते नंतर पाहू. आधी वेळ ठरवा, मग भाषा ठरवा, आणि तुम्ही स्वतः देवाशी कसे बोलता ते मुलाला ऐकू द्या. मुलाच्या मनात विश्वास उतरतो तो मुख्यतः या ऐकण्यातून, असे माझे ठाम मत आहे. पुढील सूचना साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. मोठ्या मुलांविषयी शेवटी लिहिले आहे.

आधी वेळ ठरवा

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्यास सांगितले आहे, आणि त्यासाठीच्या वेळाही तेथेच दिल्या आहेत : घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता आणि उठता. या चारही वेळा आपल्या घरात आधीपासून आहेत. सकाळी व्हॅनची वाट पाहत फाटकाशी उभे राहतो ती एक, स्कूटरवरून बाजारात जातो ती दुसरी, जेवणाची तिसरी आणि अंथरुणे घातल्यावरची चौथी. यांतील एकच वेळ निवडावी आणि महिनाभर तीच सांभाळावी. चारही एकदम धरायला गेलेली घरे पंधरा दिवसांत थकलेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडे रात्रीचे जेवण झाल्यावर, भांडी घासायला बसण्यापूर्वी प्रार्थना होते. सुरुवातीला ती चाळीस मिनिटे चाले. एक पूर्ण अध्याय, दोन गीते, आणि त्यानंतर नातेवाईक, आजारी, प्रवासी, सरकार या सर्वांसाठी माझ्या यजमानांची सावकाश केलेली प्रार्थना. पाच वर्षांची मुलगी आधी माझ्या मांडीवर झोपून जाऊ लागली, आणि पुढे वेळ झाली की न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसू लागली. मुलगी देवापासून लपते आहे असे वाटून मला त्या वेळी फार वाईट वाटले. वस्तुतः ती आमच्या चाळीस मिनिटांपासून लपत होती. आम्ही वेळ दहा मिनिटांवर आणली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती स्वतः पुस्तक घेऊन आली.

दहा मिनिटांचा क्रम असा ठेवता येईल. एका गीताचे एक-दोन कडवे, शास्त्रातील पाच-सहा वचने, त्यांवर एक प्रश्न, मग प्रत्येकाची एखाद्या वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. पाच वर्षांखालील मूल असेल तर गीत आणि प्रार्थना एवढेच पुरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत, आईवडिलांचेही. पाहुणे असतील तर त्यांना सहज विचारावे आणि ते संकोचत असतील तर त्या दिवशी मुलाला निजवताना त्याच्या उशाशी प्रार्थना करावी. वडील पाळीच्या नोकरीत असतील तर आईने थांबून राहू नये. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून तो भरून काढू नये, कारण मुलाला ती शिक्षा वाटते.

काही घरांत पतिपत्नींपैकी एकालाच यात गोडी असते, किंवा एकजण वेगळ्या धर्मातून आलेला असतो. अशा घरातील आईने किंवा वडिलांनी खचून जाऊ नये. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे वडील ग्रीक होते असे बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते, आणि पौल त्याच्या विश्वासाची आठवण काढतो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके या दोघींचीच नावे घेतो. घरी आजी असेल तर तिच्याकडे ही वेळ निःसंकोच सोपवावी.

प्रार्थनेची भाषा

इंदूरच्या घरांत हा विषय टाळला जातो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. प्रभूची प्रार्थना मूल रविवारी ‘हे हमारे पिता’ अशी म्हणते आणि घरी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. गोंधळ होईल या भीतीने अनेक पालक घरचे मराठी सोडून देतात. माझा अनुभव याच्या उलट आहे. दोन्ही पाठ असलेल्या मुलाला प्रत्येक शब्दापाशी थांबून विचार करण्याची संधी मिळते.

आमच्या मुलीने सात वर्षांची असताना विचारले, ‘आई, हिंदीत अपराध म्हणतात आणि मराठीत ऋण का म्हणतात?’ प्रश्न अगदी नेमका होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ या ओळीत मूळ ग्रीक शब्द देण्याचा, कर्जाचा आहे. मराठीने तो जसाच्या तसा ठेवला आणि हिंदीने त्याचा अर्थ उलगडून सांगितला. तिला मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची लाल वही आठवायला सांगितली. शेठजी त्या वहीत आपले नाव लिहितात, त्यापुढे साखर आणि तेलाचे पैसे लिहितात. आता समज, एके दिवशी त्यांनी आपल्यासमोर ते पान आडव्या रेघेने खोडले आणि म्हणाले, जा, काही देणे नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आणि आपल्याकडे ज्यांचं देणं आहे त्यांचं पण पान खोडायचं?’ मला त्यावर काही सांगायचे उरले नाही.

भाकरीचेही तसेच झाले. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना इंदूरच्या मुलाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, कारण घरी रोज पोळीच होते. एकदा मुद्दाम ज्वारीची भाकरी थापून दाखवावी, पणजीआजीच्या गावी हेच रोजचे अन्न होते हे सांगावे आणि मग ती ओळ म्हणावी.

म्हणून सूचना अशी : मंडळीत जी भाषा असेल ती असू द्यावी, मात्र मूल आजारपणात किंवा भीतीत ज्या भाषेत आईला हाक मारते त्याच भाषेत घरची प्रार्थना ठेवावी. त्या भाषेतही जड शब्द टाळावेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचे मराठी भाषांतर केले ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी या कामाला दिली. मुलांसमोर बोलताना तोच साधेपणा हवा. आपल्या प्रार्थनेतील ‘अनुग्रह’, ‘पवित्रीकरण’, ‘मध्यस्थी’ यांसारखा शब्द मुलाला समजावता येत नसेल तर त्या रात्री तो वापरू नये.

गीतांच्या बाबतीत मराठी घर भाग्यवान आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची गीते लिहिली, आणि ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात त्यांची कितीतरी पदे आहेत. ती बाजाच्या पेटीवाचूनही म्हणता येतात. मुलाच्या हाती टाळ द्यावा. ठेका चुकला तरी सुधारण्याची घाई करू नये.

काय वाचावे

आरंभ मार्कच्या शुभवर्तमानापासून करावा. ते येशूच्या चरित्राच्या चार शुभवर्तमानांमध्ये सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे आहे, त्यात घटना भराभर घडतात आणि मुलांना तेच आवडते. त्यात ६७८ वचने आहेत. रोज सहा वाचली तर चार महिन्यांच्या आत संपते. त्यानंतर उत्पत्तीतील योसेफाची कथा, मग दाविदाची, आणि अधूनमधून एखादे स्तोत्र. वंशावळ्या आणि लढायांचे अध्याय लहानपणी बाजूला ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

वाचून झाल्यावर प्रश्न एकच विचारावा, आणि तो ‘यावरून आपण काय शिकलो?’ हा नसावा. या प्रश्नाला मुले खरे बोलायचे, मोठ्यांचे ऐकायचे, अशी ठरलेली उत्तरे देतात आणि कथा तेथेच संपते. त्याऐवजी, समजा वादळात सापडलेल्या शिष्यांची कथा वाचली, तर ‘तू त्या होडीत असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे.

पाठांतरासाठी तेविसावे स्तोत्र सर्वांत आधी घ्यावे. सहाच वचने आहेत. ते घेताना आम्हाला एक अनपेक्षित मदत झाली. राजस्थानातील मेंढपाळ आपले कळप घेऊन माळव्यात उतरतात आणि बायपासच्या बाजूच्या मोकळ्या शेतांत त्यांचे तळ पडतात. एका रविवारी परतताना आम्ही गाडी थांबवली. तांबडे पागोटे घातलेले एक आजोबा पुढे चालत होते आणि त्यांच्या खांद्यावर आदल्या दिवशी जन्मलेले कोकरू होते. आमच्या मुलाने त्यांच्या हातातील काठीकडे बोट दाखवून विचारले की याने तुम्ही मेंढ्यांना मारता का. आजोबांनी काठीच्या टोकाने रस्त्याकडे चाललेल्या एका मेंढीची मान हलकेच कळपाकडे वळवली आणि म्हणाले, ‘मारेंगे तो पास कैसे आएगी, बेटा?’ त्या रात्री ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ हे वचन मुलाने कोणी न सांगता दोनदा म्हटले.

मुलाची प्रार्थना

मुलाने काय मागावे हे आपण ठरवू नये. आमच्या मुलाने एक संपूर्ण पावसाळा गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यासाठी प्रार्थना केली. मध्येच ‘आता आजारी काकांसाठीही माग’ असे मी सुचवले आणि त्याचा आवाज लगेच बदलला, पाठ म्हटल्यासारखा झाला. तेव्हापासून मी सुचवणे सोडले. मूल काही न बोलता बसले तरी चालेल, एवढे त्याला सांगून ठेवावे.

या बाबतीत मला बायबलमधील वृद्ध याजक (पुजारी) एलीची आठवण होते. त्याच्याजवळ राहणारा लहानगा शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा त्याच्याकडे धावत गेला. पहिल्या दोन वेळा एलीने त्याला परत निजायला पाठवले, आणि तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आले की मुलाला देव हाक मारतो आहे. त्याने काय केले? देवाच्या वतीने तो स्वतः काही बोलला नाही. हाक पुन्हा आली तर काय उत्तर द्यायचे तेवढे मुलाला सांगितले आणि त्याला त्याच्या जागी परत पाठवले. हा एली स्वतःच्या मुलांना आवरू शकला नव्हता, तरीही हे एक काम त्याने चोख केले. ‘देवबाप्पा तुझ्यावर रागावेल’ असे म्हणून मुलाला जेवायला किंवा अभ्यासाला बसवणारे पालक नेमके याच्या उलट वागतात. ते स्वतःचा राग देवाच्या नावावर घालतात, आणि मूल पुढे देवाजवळ जायला कचरते.

रागावणे आणि क्षमा मागणे

पौल इफिसकरांस आणि कलस्सैकरांस दोन्ही पत्रांत लिहितो की बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, आणि दुसऱ्या पत्रात कारणही देतो : मुले खिन्न होतील. शिस्त हवी याबद्दल शास्त्राला शंका नाही. पण नियम थोडे असावेत, आधी सांगितलेले असावेत आणि आईवडील दोघांचे एकच असावेत. शास्त्र पाठ करणे ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. हात उचलू नये. मी उचलला आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप आहे.

एकदा घरातली नवी काचेची बरणी फुटली. मुलीने फोडली असे समजून मी तिला पाहुण्यांसमोर फार बोलले. संध्याकाळी मुलाने कबूल केले की चेंडू त्याचा होता. रात्री प्रार्थनेला बसलो आणि ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ या ओळीपाशी माझा आवाज पुढे जाईना. मी थांबले आणि सर्वांसमोर तिला म्हणाले की माझी चूक झाली, मी न विचारता बोलले, मला क्षमा कर. ती लगेच काही बोलली नाही. टाळाच्या दोरीशी चाळा करत राहिली, आणि मग म्हणाली, ‘सोडलं.’

आईवडिलांनी मुलाची क्षमा मागितल्याने मान जातो असे वडीलधारे म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, परंतु नव्या पालकांना हीच सवय सर्वांत आधी लावून घ्यायला सांगते. क्षमा मागताना ‘पण तूही’ हे शब्द येऊ देऊ नयेत.

शेजार आणि सण

आपली मुले हिंदू, मुसलमान, जैन शेजाऱ्यांमध्ये वाढतात, आणि गणेशोत्सवात, दिवाळीत, रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी हे शहर घरात थांबू देत नाही. मुलाला कशात सहभागी होऊ द्यायचे यावर आपल्यातली कुटुंबेही एकमताची नाहीत. प्रसादाचेच पाहा. काही घरे घेतात, काही घेत नाहीत. करिंथच्या मंडळीतही हाच प्रश्न होता आणि पौलाने पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत त्यावर लिहिताना दुसऱ्याच्या मनाला जपण्यावर भर दिला आहे. पालकांनी ते अध्याय मिळून वाचावेत, पाळकांशी बोलावे आणि सण येण्यापूर्वीच घराचे उत्तर ठरवावे, म्हणजे ऐनवेळी मूल दारात घोटाळत उभे राहणार नाही.

आमच्याकडे प्रसाद घेत नाहीत. मुलीला आम्ही हात जोडून ‘काकू, आमच्याकडे घेत नाहीत’ एवढेच म्हणायला शिकवले, आणि कारण विचारले तरच सांगायला. पहिल्या वर्षी मी धास्तावले होते. दुसऱ्या वर्षी आरतीनंतर समोरच्या काकूंनी तिच्यासाठी देवापुढे न ठेवलेला चिवडा वेगळ्या वाटीत काढून ठेवलेला होता. शेजाऱ्याच्या श्रद्धेची चेष्टा घरात, बंद दाराआडसुद्धा, होऊ देऊ नये. मूल ती बाहेर घेऊन जातेच, आणि येशूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितले त्यात काही अपवाद ठेवले नाहीत.

आपले सण मात्र मनापासून साजरे करावेत. नाताळाआधीच्या चार रविवारी, म्हणजे आगमनकाळात, घरी दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत न्यावी. करंज्या आणि शंकरपाळे करताना मुलांना पोळपाटाशी बसवावे. दिवाळीला ज्या घरांतून फराळाचे ताट आले त्या प्रत्येक घरी नाताळचे ताट मुलांच्या हातून पाठवावे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत एक डबा ठेवावा आणि मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून त्यात टाकावे. किती, ते त्याने ठरवावे. तो डबा कोणाला द्यायचा हेही मुलांनाच ठरवू द्यावे.

अवघड प्रश्न आणि मोठी होणारी मुले

सासूबाई आजारी असताना मुलाने आठ महिने रोज त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्या गेल्या. चौथ्या दिवशी त्याने विचारले, ‘देवानं ऐकलं नाही का?’ देवाची इच्छा, आजी चांगल्या ठिकाणी गेली, अशी वाक्ये माझ्या ओठांवर आली होती. ती खोटी नाहीत, पण त्या क्षणी ती मुलाचे तोंड बंद करण्यासाठीच निघाली असती. मी त्याला सांगितले की मला माहीत नाही आणि मलाही रडू येते. मग आम्ही तेरावे स्तोत्र वाचले, ज्यात दावीद देवाला ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, आणि आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी येशू रडला ते वचन वाचले. पुनरुत्थानाविषयी आम्ही काही आठवड्यांनी बोललो, त्याने स्वतः विषय काढला तेव्हा.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत होता, आणि त्याने आईवडिलांना दिलेले उत्तर त्यांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. मरीयेने ते सर्व मनात ठेवले. न समजलेले उत्तर मनात ठेवणे हे पालकांच्याही वाट्याला येते. मुलाच्या शंकेने घाबरून जाऊन ‘असे विचारू नये’ म्हणू नये; प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि पाळकांकडे त्याच्यासोबत जाऊन विचारावा.

चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारास दृढीकरणाच्या, म्हणजे मुलाने स्वतः आपला विश्वास मंडळीपुढे कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाचा विषय निघतो. वर्गमित्र बसतात म्हणून किंवा आजोबांची इच्छा म्हणून मुलाला बसवू नये. त्याने एक वर्ष थांबायचे ठरवले तर थांबावे, आणि मंडळीत कोणी विचारले तर उत्तर आपण द्यावे, त्याला द्यायला लावू नये. याच वयात एखादे मूल रविवारी यायला नकार देते. त्याच्याशी भांडून त्याला ओढून नेलेल्या घरांत रविवारची सकाळ सर्वांनाच नकोशी होते. घरच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र त्याला हाक मारत राहावे, त्याची जागा मोकळी ठेवावी, पाळी आली की ‘तू म्हणतोस का?’ असे रोज सहजपणे विचारावे, आणि तो नको म्हणाला तर काहीही न बोलता पुढच्याकडे वळावे.